पाचापैकी दोन

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भाच्याने पाकिटातून घडी घातलेला कागद काढला आणि आत्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. "हे बघ, आणि मग मला सांग, याला माप म्हणायचं का?"

भाचा पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात हाडांचा सर्जन. आत्या सरकारी रुग्णालयांत ३४ वर्षं काढून मेट्रन म्हणून निवृत्त झालेली. निवृत्तीनंतर राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकांची बाह्य परीक्षक म्हणून ती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरली, आणि आता कऱ्हाडला स्थिरावली आहे. कागद होता एका रुग्णाने डिस्चार्जच्या दिवशी भरलेल्या अभिप्राय-फॉर्मची झेरॉक्स. 'एकूण समाधान' या ओळीपुढे पाचापैकी दोनवर गोल केलेला.

"मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं," भाचा सांगू लागला. "आत सळई घातली. जंतुसंसर्ग नाही, एक्स-रे पुस्तकात छापावा असा. काही महिन्यांत हा माणूस काठीशिवाय चालत माझ्या ओपीडीत आला. आणि त्याने दिले दोन! त्याच महिन्यात एका बाईंनी पाच दिले. त्यांना मी काही केलंच नव्हतं. नीट बोललो आणि गुडघ्याचे व्यायाम दाखवले, एवढंच. आता या आकड्यांची सरासरी काढून आमचं व्यवस्थापन मला सांगणार, डॉक्टर, तुमचा स्कोअर घसरलाय."

"दोन का दिले असतील?"

"कॅशलेस विम्यामुळे. सकाळी दहाला डिस्चार्ज सांगितला, विमा कंपनीच्या टीपीएची मंजुरी आली दुपारी तीनला. माणूस पाच तास सामान बांधून बसला. त्यातच कुणीतरी हातात फॉर्म दिला. राग निघाला माझ्यावर."

"मग फॉर्म खरंच बोलला की. तुमच्याकडे घरी जायला पाच तास लागतात."

"अगं, पण नाव माझं!"

आत्याला हे पटलं. ज्या आकड्यात सर्जनचा हात, कॅन्टीनची डाळ, लिफ्टची रांग आणि विमा कंपनीची दिरंगाई एकत्र कालवलेली असते, त्यातून कुणाला काय सुधारायचं ते कळत नाही. वेगळी काढली की तीच गोष्ट उपयोगी पडते. डिस्चार्जच्या दिवशी ताटकळणारे असे असंख्य लोक होते म्हणून तर मे २०२४ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने विमा कंपन्यांना मुदत घालून दिली. रुग्णालयाची विनंती आल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची, आणि उशिरामुळे रुग्णालयाने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. एका रुग्णाच्या फॉर्मवरचा 'दोन' तिथवर पोहोचत नाही. 'मला पाच तास बसवून ठेवलं' हे वाक्य हजारो तोंडांतून आलं, की पोहोचतं.

पण भाच्याचा आक्षेप एवढ्यावर थांबणारा नव्हता.

रुग्णाला विचारून दर्जा ठरवण्याची पद्धत फार जुनी नाही. अव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये रुग्णसेवेकडे तीन बाजूंनी बघायला शिकवलं: साधनं काय आहेत, काम कसं होतं, आणि शेवटी रुग्णाचं काय झालं. १९८५ मध्ये अमेरिकेत मानववंशशास्त्रज्ञ आयर्विन प्रेस आणि संख्याशास्त्राचे जाणकार रॉड गेनी यांनी कंपनी काढली आणि रुग्णाचं समाधान मोजणं हा व्यवसाय झाला. २००६ पासून तिथल्या सरकारी मेडिकेअर योजनेने 'एचकॅप्स' ही एकच प्रश्नावली देशभर वापरायला सुरुवात केली, २००८ पासून रुग्णालयवार निकाल जाहीर होऊ लागले. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यात पैसा शिरला. मेडिकेअर रुग्णालयांच्या देयकातला एक टक्का राखून ठेवू लागली, पुढे तो दोन टक्क्यांवर गेला, आणि ही रक्कम परत मिळवण्याच्या गुणांत रुग्णाच्या उत्तरांचा वाटा सुरुवातीला ३० टक्के होता.

"आणि मग काय झालं ते ऐक," भाचा म्हणाला. "त्या प्रश्नावलीत वेदनेबद्दल प्रश्न होते. तुमचं दुखणं कमी करण्यासाठी कर्मचाऱ्यांनी शक्य ते सगळं केलं का, अशा अर्थाचे. आता अफूजन्य वेदनाशामक दिलं की दुखणं लगेच थांबतं, पेशंट खूश, गुण चढे. ज्या देशात त्या गोळ्यांच्या व्यसनाने माणसं मरत होती, तिथे आम्ही डॉक्टरांना गुणांसाठी गोळ्या द्यायला लावायच्या? शेवटी डॉक्टरांनीच आवाज उठवला. पैशाच्या हिशोबातून तो भाग काढावा लागला, २०१८ मध्ये प्रश्न बदलावे लागले, आणि पुढच्याच वर्षी ते पूर्ण काढून टाकले."

"ठीक. अजून?"

"२०१२ चा अभ्यास. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी ५१,९४६ प्रौढांची माहिती तपासली. डॉक्टरांवर सगळ्यांत जास्त खूश असलेला जो चौथा हिस्सा होता, त्यांच्यावर औषधांचा खर्च जास्त, रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण जास्त, आणि मृत्यूचा धोका सगळ्यांत नाखूश गटापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त. आपल्याकडे सांगायला अभ्यास तरी कशाला हवा? सर्दीला अँटिबायोटिक नाकारून बघ. थकवा आलेल्याला सलाईन लावायचं नाही म्हणून बघ. पेशंट शेजारच्या दवाखान्यात जातो, बाटली लावून घेतो आणि त्या डॉक्टरला देवमाणूस म्हणतो."

सलाईनच्या उल्लेखावर आत्या हसली नाही. ग्रामीण रुग्णालयात तिने हे बरीच वर्षं पाहिलं होतं. पण त्या अभ्यासातल्या एका गाठीकडे तिने बोट दाखवलं. जास्त समाधानामुळे मृत्यू वाढला, असं तो अभ्यास सिद्ध करत नाही. दोन गोष्टी सोबत आढळल्या, एवढंच सांगतो. जो माणूस जास्त आजारी, त्याचं डॉक्टरकडे जाणं-येणं जास्त, नातं घट्ट, आणि मृत्यूही जवळ, असंही असू शकतं. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, ब्रिटनमधल्या संशोधकांनी ५५ अभ्यास एकत्र करून पाहिले. रुग्णाचा अनुभव चांगला असणं, उपचार परिणामकारक असणं आणि ते सुरक्षित असणं या तिन्ही गोष्टी बहुतेक ठिकाणी हातात हात घालून चालताना त्यांना दिसल्या.

"पण तुझं एक बरोबर आहे," ती म्हणाली. "समाधान मोजूच नये. माझं कारण मात्र तुझ्या उलट आहे. तुला खोट्या दोनाची भीती वाटते. मला खोट्या पाचाची."

भाचा थांबला.

"दोन वर्षांपूर्वी माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आठवतं? घरी निघताना एक मुलगी फॉर्म घेऊन आली. मी सगळीकडे पाच दिले. मी! आयुष्यभर फॉर्म तपासलेली बाई. खरं तर भूल देताना काय करणार ते कुणी सांगितलं नव्हतं, मी घाबरले होते, आणि स्वच्छतागृहात कडी नव्हती. पण ती पोरगी समोर उभी होती. तिची नोकरी त्या पाचावर असेल असं वाटलं. शिवाय दुसऱ्या डोळ्यासाठी परत तिथेच जायचं होतं."

आत्या जे सांगत होती ते जगभर नोंदलं गेलं आहे. मादागास्करमध्ये आरोग्यकेंद्राच्या दारात विचारलेल्या आणि घरी जाऊन विचारलेल्या उत्तरांची तुलना केली, तेव्हा दारातली उत्तरं जास्त गोड निघाली. नायजेरियात २०१८ च्या एका अभ्यासात काही रुग्णांना 'कर्मचारी आदराने वागले' असं वाक्य दिलं आणि काहींना त्याच्या उलट वाक्य, आणि सहमती विचारली. मांडणी उलटी केली की समाधानाचे आकडे खाली आले, कारण समोरचा जे म्हणतो त्याला हो म्हणायची माणसाला सवय असते.

मराठीत तर ही अडचण शब्दातच आहे. 'समाधान' हा आपल्याकडे मिळालेल्या वस्तूचा दर्जा नाही, तो माणसाचा गुण आहे. समाधानी असणं ही चांगल्या संस्कारांची खूण मानली जाते. खाटेवरच्या म्हातारीला 'आजी, तुम्ही समाधानी आहात का?' असं विचारलं तर ती रुग्णालयाबद्दल उत्तर देतच नाही, ती स्वतःच्या स्वभावाबद्दल देते. 'आहे की बाई, काय कमी आहे?' असं म्हणते. फॉर्मवर पाच पडतात. तिला रात्री तीन वेळा पाणी मागावं लागलं होतं, हे कुठेच लिहिलं जात नाही.

"मग विचारायचं काय?"

"झालं काय, ते विचारायचं. कसं वाटलं, ते नाही."

हा फरक वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. हार्वे आणि जीन पिकर या दाम्पत्याने १९८० च्या दशकात अमेरिकेत संस्था काढली ती याच विचारावर. जीन स्वतः दीर्घकाळ आजारी होत्या. उपचारांत कसर नव्हती, पण रुग्ण म्हणून माणसाला काय हवं असतं याकडे यंत्रणा बघत नाही, हे दोघांनी जवळून अनुभवलं होतं. त्या संस्थेने रुग्णांना गुण मागणं सोडून घटना विचारायला सुरुवात केली. एचकॅप्समध्येही बरेच प्रश्न या वळणाचे आहेत: नर्सने किती वेळा तुमचं नीट ऐकून घेतलं? नवीन औषध देण्याआधी ते कशासाठी आहे हे किती वेळा सांगितलं? रात्री खोलीभोवती शांतता किती वेळा होती? उत्तरं चारच: कधीच नाही, कधी कधी, बहुधा, नेहमी. जाहीर होणाऱ्या निकालात भाव खातं ते 'नेहमी'. आणि प्रश्न विचारले जातात ते डिस्चार्जनंतर ४८ तास ते सहा आठवडे या काळात, म्हणजे नर्स समोर उभी नसताना.

"बाळंतिणीच्या खोलीचं उदाहरण घे," आत्या म्हणाली. या विषयावर तिचा आवाज नेहमी खाली येतो. "'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली घाना, गिनी, नायजेरिया आणि म्यानमार इथला अभ्यास आला. निरीक्षक प्रसूतीच्या वेळी हजर राहिले. २,०१६ बायकांपैकी ८३८ जणींना मारणं, ओरडणं, हिणवणं असं काही ना काही सोसावं लागलं. दहातल्या चौघी. यातल्या कितीजणींना 'समाधानी आहात का' विचारलं तर हो म्हणतील? बाळ रडलं, हाती आलं, संपलं. आपल्या लेबर रूममध्ये हे होत नाही असं मी म्हणू शकत नाही. मी कानांनी ऐकलंय, आणि सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः ओरडलेली आहे."

केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये 'लक्ष्य' कार्यक्रम आणला तो प्रसूतिगृहांचा दर्जा सुधारण्यासाठी. प्रोत्साहनाची रक्कम मिळवायची तर किमान ८० टक्के माता समाधानी असल्या पाहिजेत, ही त्यातली एक अट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या फेब्रुवारीत प्रसूतीबद्दल ५६ शिफारशी दिल्या, आणि त्यांच्या शीर्षकातच चांगल्या प्रसूती-अनुभवाचा उल्लेख केला. जगलेली आई आणि जगलेलं बाळ हे पुरेसं उत्तर नाही, हे अधिकृतपणे मान्य झालं. पण ८० टक्क्यांची अट पुरी करायला फॉर्म भरून घेणारी आणि बाळंतपण करणारी एकच असेल, तर ती अट पहिल्याच दिवशी पुरी होते.

भाच्याला इथे एक वेगळी वाट दिसली. "म्हणजे तूच म्हणतेस की निरीक्षक हवा. पेशंटला विचारून कळत नाही. मीही तेच म्हणतोय. मुंबई आणि पाटण्यात क्षयरोगावर झालेला अभ्यास वाचलायस ना? प्रशिक्षण दिलेली माणसं रुग्ण बनून खासगी डॉक्टरांकडे गेली, खोकला सांगितला. योग्य रीतीने हाताळलेल्या भेटी सुमारे ३५ टक्के निघाल्या. बाकीच्या डॉक्टरांचे खरे पेशंट काय नाखूश असतील? मुळीच नाही. आपल्याला क्षयाऐवजी खोकल्याचं औषध मिळालंय, हे पेशंटला कसं कळणार?"

"नाहीच कळणार. म्हणून ते त्याला विचारायचं नाही. त्यासाठी तसे नकली पेशंट पाठवा, केसपेपर तपासा, मृत्यूंचं ऑडिट करा. पण वॉर्डात काही गोष्टी अशा असतात ज्या फक्त पेशंटलाच माहीत असतात. तपासताना पडदा ओढला का? मामांनी स्ट्रेचर ढकलायचे पैसे मागितले का? मावशींनी बेडपॅन वेळेवर दिलं का? बाहेरून औषध आणायची चिठ्ठी दिली का? यातलं काही केसपेपरवर नसतं. पेशंटला विचारलं नाही, तर ते घडलंच नाही."

"पण त्याला आठवतंय ते खरं कशावरून?" भाचा सोडायला तयार नव्हता. टोरांटोतले डॉक्टर डोनाल्ड रेडेलमायर आणि मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांनी मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करून घेणाऱ्या रुग्णांना दर मिनिटाला वेदना किती ते विचारलं होतं, आणि नंतर सबंध तपासणीबद्दल विचारलं. १९९६ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की तपासणी किती वेळ चालली याला आठवणीत फारशी जागा नसते. सगळ्यांत जास्त दुखलेला क्षण आणि शेवटची काही मिनिटं, यांवरच आठवण बेतली जाते. पुढे ६८२ रुग्णांवर केलेल्या प्रयोगात निम्म्या जणांची दुर्बीण शेवटी थोडा वेळ न हलवता आतच ठेवली. तपासणी लांबली, तरी त्यांना ती कमी त्रासाची आठवली.

"म्हणजे माझ्या पेशंटला सहा दिवसांतलं ऑपरेशन, ड्रेसिंग, फिजिओथेरपी आठवत नाही. शेवटचे पाच तास आठवतात!"

"मग शेवटचे पाच तास सुधारा ना. तुझाच अभ्यास तेच सांगतोय." आत्याने कागद पुन्हा हातात घेतला, बोलता बोलता उलटा केला, आणि थांबली. "मागची बाजू वाचलीस?"

झेरॉक्स दोन्ही बाजूंची होती. 'आणखी काही सांगायचे असल्यास' या ओळीखाली निळ्या पेनाने, उतरत्या अक्षरात तीन ओळी होत्या. आत्याने मोठ्याने वाचल्या. राउंडला डॉक्टर साहेब दुसऱ्या डॉक्टरांशी इंग्रजीत बोलत असत. पायाला अजून ऑपरेशन लागेल का, हे मी चार दिवस विचारायचं ठरवत होतो. उसने पैसे काढायचे होते, म्हणून कळायला हवं होतं.

भाचा काही क्षण गप्प राहिला. मग म्हणाला, "दुसरं ऑपरेशन लागणारच नव्हतं."

"ते तुला माहीत होतं."

कॅशलेसचा त्या ओळींत उल्लेखही नव्हता.

आत्याने विषय तिथे ताणला नाही. तिने स्वतःची गोष्ट सांगायला घेतली. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली, ती आधी अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत. पुण्याची 'साथी' ही संस्था तिची राज्य पातळीवरची समन्वयक होती. गावातले लोकच गटाने बसून आपल्याला मिळणाऱ्या सेवांचं प्रगतिपुस्तक भरत. नर्सताई गावात येते का, केंद्रात औषधं मिळतात का, पैसे मागतात का, बोलणं कसं असतं. प्रत्येक उत्तराला रंग: हिरवा, पिवळा, लाल. ज्याला आकडे वाचता येत नाहीत त्यालाही रंग कळतो. मग जनसुनवाई व्हायची. मांडवात एका बाजूला गावकरी, समोर वैद्यकीय अधिकारी, नर्स, जिल्ह्याचे साहेब. प्रगतिपुस्तक सगळ्यांसमोर वाचलं जायचं आणि उत्तर तिथेच द्यावं लागायचं.

"मी त्या मांडवात साहेबांच्या बाजूला बसले होते. आमच्या रुग्णालयाला तीन लाल होते. एक बाई उठली आणि म्हणाली, बाळंतिणीला रात्री गरम पाणी मिळत नाही, नवरा बाहेरच्या टपरीवरून बाटलीत आणतो. मला भयंकर राग आला. आमच्याकडे माणसं कमी, बॉयलर बंद, हिला काय कळतंय असं वाटलं. घरी येऊन रडले. आणि मग लक्षात आलं, त्या वॉर्डातून मी दिवसातून चार वेळा जात होते, पण रात्री एकदाही नाही."

"मग?"

"बॉयलर दुरुस्त व्हायला दोन महिने लागले. तोवर स्वयंपाकघरातून थर्मास भरून ठेवायला सांगितलं. एवढं साधं होतं. औषधांच्या साठ्याचा फळा दाराशी लागला. पुढच्या फेरीत एक लाल गेला, दोन राहिले."

हा एकट्या तिच्या रुग्णालयाचा अनुभव नव्हता. या पाच जिल्ह्यांतल्या प्रगतिपुस्तकांत 'चांगलं' हा शेरा पहिल्या फेरीत ४८ टक्के होता, तो तिसऱ्या फेरीपर्यंत ६६ टक्क्यांवर गेला. इथे कुणाचाही पगार गुणांना बांधलेला नव्हता. जे बोललं गेलं ते ऐकायला जबाबदार माणूस समोर बसलेला होता, आणि काही महिन्यांनी पुन्हा विचारलं जाणार आहे हे दोन्ही बाजूंना माहीत होतं.

भाच्याने मान हलवली, पण त्याचा शेवटचा मुद्दा शिल्लक होता आणि तो कच्चा नव्हता. "इंग्लंडमध्ये २००२ च्या सुमारापासून दर वर्षी रुग्णांचं सर्वेक्षण होतंय. तरीही स्टॅफर्डचं रुग्णालय झालंच ना? २००५ ते २००९. प्रश्नावली होती, आकडे होते, तरी."

स्टॅफर्डची हकीकत वाचताना आजही अंगावर काटा येतो. पैसे वाचवणं आणि वरून आलेली उद्दिष्टं गाठणं यांत व्यवस्थापन बुडालेलं होतं. वॉर्डांत रुग्ण मळलेल्या चादरींवर पडून राहत, जेवण हाताला पोहोचणार नाही अशा जागी ठेवलं जाई, आणि तहानेने काहींनी फुलदाणीतलं पाणी प्यायल्याचं नातेवाइकांनी सांगितलं. एका मुलीने आईच्या मृत्यूनंतर गावातल्या कुटुंबांना एकत्र केलं, मृत्यूचे चढे आकडे नियामकांच्या नजरेत आले, चौकशी झाली. रॉबर्ट फ्रान्सिस यांचा अंतिम अहवाल ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आला, त्यात २९० शिफारशी होत्या.

"तुझं म्हणणं मान्य," आत्या म्हणाली. "सर्वेक्षण वर्षातून एकदा, अहवाल पुढच्या वर्षी, आणि तो वाचणारा वॉर्डात कधी न गेलेला. अशा सर्वेक्षणातून फुलदाणी दिसत नाही. म्हणून मी सरासरीवर विश्वास ठेवत नाही. मला वॉर्डवार हवं, महिन्याच्या महिन्याला हवं, आणि लिहिलेली वाक्यं पूर्ण हवीत. तुमच्या व्यवस्थापनाने तुला 'दोन' पाठवला. त्या तीन ओळी तुझ्या हातात कुणी ठेवल्या नाहीत."

"आणि पगाराला जोडायचं नाही."

"नाही जोडायचं. जोडलं की फॉर्मच बदलतो. खूश दिसणाऱ्यालाच फॉर्म दिला जातो. निकाल वॉर्डाच्या दारावर लावा, त्यावर वॉर्डाचं नाव असू दे, डॉक्टरचं नको."

इतकं जमल्यावर दोघांनी त्या तीन ओळींखालच्या कोऱ्या जागेतच नवा फॉर्म लिहायला घेतला. पहिला वाद कुणाला विचारायचं यावर झाला. भाचा म्हणाला, मेसेज पाठवू. २०१६ पासून केंद्राच्या 'मेरा अस्पताल'मध्ये तेच होतं, भेटीनंतर मोबाईलवर संदेश किंवा फोन येतो, रुग्णालयाचा माणूस मध्ये नसतो. आत्याने विचारलं, मोबाईल कुणाचा? केसपेपर काढताना नंबर दिला जातो मुलाचा, जावयाचा, गावच्या सरपंचाचा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरायला मोबाईल असलेल्या महिला देशात सुमारे ५४ टक्के निघाल्या. सुनेच्या बाळंतपणाबद्दल सासरा उत्तर देणार असेल तर ते उत्तर कुणाचं? मग ठरलं की मेसेज जावाच, पण दर आठवड्याला काही जणींना बाईमाणसाने फोन करावा, आणि आधी विचारावं की आता बोलता येईल का.

प्रश्नांवर आत्याने 'समाधान' हा शब्द कुठेच येऊ दिला नाही. रात्री मदत मागितली तेव्हा कोण आलं, किती वेळाने? तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला समजेल अशा भाषेत कुणी सांगितलं का? विचारायचं राहून गेलेलं काही आहे का? या शेवटच्या प्रश्नाखाली भाच्याने दोनदा रेघ ओढली. 'तुमच्यावर योग्य उपचार झाले का' हा आत्याचा प्रश्न मात्र त्याने खोडला. "हे त्याला कळणार नाही, तूच म्हणालीस." आत्याने खोडू दिला.

बाहेर अंधारून आलं होतं. आत्या दिवा लावून परत आली तेव्हा भाचा पेन हातात धरून कागदाकडे बघत होता.

"आत्या, हा फॉर्म डिस्चार्ज होणाऱ्यांना जाणार. जे गेले त्यांचं काय? अमेरिकेच्या प्रश्नावलीतही ते नसतात. जिवंत घरी गेलेल्यांनाच विचारतात."

"इंग्लंडने काही वर्षं गेलेल्यांच्या घरच्यांना विचारलं होतं," ती म्हणाली. "शेवटच्या दिवसांत दुखणं कमी होतं का, आदराने वागवलं का, जवळ बसू दिलं का."

"मी विचारीन. आयसीयूतल्या माझ्या मागच्या पेशंटच्या बायकोला विचारायला हवं होतं." तो क्षणभर थांबला. "पण कधी विचारायचं? आठवड्याने?"

"आठवड्याने घरात दहाव्याची गडबड असते. तेराव्यापर्यंत तर पाहुणे असतात, कुणी बोलू शकत नाही. आणि सगळ्यांकडे तेरावं नसतं, मुसलमान घरात चाळिसावा असतो." आत्याने हिशोब केला. "चाळीस दिवस जाऊ दे. आणि मेसेज नको. पत्र लिही, सही तुझी असू दे, आणि नंबर दे, म्हणजे त्यांना बोलायचं असेल तेव्हा त्या बोलतील."

भाच्याने कागदाच्या तळाशी '४० दिवस' असं लिहिलं, आणि पत्राची पहिली ओळ मराठीत कशी सुरू करायची ते आत्याला विचारलं.